मुंबईतलं घर सजवताना: दोन पर्यायांतला कुठला निवडायचा

घराचा ताबा मिळाला की पहिल्या आठवड्यातच चर्चा सुरू होते. हॉलला कुठला रंग, टीव्हीच्या मागे लाकडी पट्ट्या की टेक्श्चर, सोफा एल आकाराचा की साधा तीन जणांचा. यात चूक झाली तरी ती निस्तरता येते. रंग पुन्हा मारता येतो, सोफा विकून दुसरा घेता येतो. खरं नुकसान होतं ते ओट्याची उंची, कपाटाचा प्लाय, विजेचे पॉइंट आणि भिंतीतली ओल याबाबतीत घाई झाली की, कारण ते दुरुस्त करायला बांधलेलं काम फोडावं लागतं.

म्हणून खाली जिथे दोन पर्याय समोरासमोर ठेवले आहेत तिथे कसोटी एकच आहे: उद्या हे बदलायचं ठरलं तर काय काय तोडावं लागेल? तोडफोड जितकी जास्त, तितका तिथे पैसा आणि विचार जास्त घाला. जे सहज बदलता येतं, ते स्वस्तात करा किंवा पुढे ढकला.

डोळ्यासमोर घर आहे ते साधारण ४०० ते ७०० चौरस फूट कार्पेटचं. पुनर्विकासात मिळालेलं, कर्ज काढून घेतलेलं किंवा वडिलांचं जुनं घर नव्याने लावायला घेतलेलं. वरळीच्या बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांच्या खोल्यांत पिढ्या काढलेल्या कुटुंबांना आता ५०० चौरस फुटांची घरं मिळू लागली आहेत. अशा घरात प्रत्येक फूट मोलाचा असतो, आणि चुकीला जागा देणं परवडत नाही.

लगेच सगळं करायचं, की एक पावसाळा राहून बघायचं?

हा प्रश्न सगळ्यात आधी सोडवा, कारण बाकीचे बरेच निर्णय त्यावर अवलंबून आहेत.

लगेच करण्याचे फायदे उघड आहेत. घर रिकामं असतं, सामान झाकायची कटकट नसते, धूळ अंगावर घेत राहावं लागत नाही. भाडं आणि हप्ता दोन्ही चालू असतील तर एकेक महिना जड जातो. लहान मुलं किंवा आजारी माणूस घरात असेल तर राहत्या घरात सुतारकाम काढणं नकोच.

पण मुंबईत जून ते सप्टेंबरमध्ये दोन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, आणि वाऱ्याबरोबर येणारा हा पाऊस मुख्यतः पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून भिंतीवर आपटतो. कोपऱ्यातला फ्लॅट असेल, खिडकी पश्चिमेला असेल, किंवा वर थेट गच्ची असेल, तर भिंत पाणी कुठून घेते ते जुलैशिवाय कळत नाही. नव्या इमारतीतसुद्धा खिडकीच्या चौकटीभोवतीचं सील कच्चं राहिलेलं असू शकतं. मार्चमध्ये कोरडीठाक दिसणाऱ्या भिंतीवर वॉलपेपर लावायचा, पीव्हीसी पट्ट्या ठोकायच्या, आणि ऑगस्टमध्ये त्यामागून बुरशीचा वास यायला लागायचा, हे इथे फार घरांत घडतं. पट्ट्या ओल थांबवत नाहीत, फक्त नजरेआड करतात. तोवर आतला प्लास्टर पोखरला जातो आणि त्या भिंतीला टेकलेल्या कपाटाची पाठही कुजते.

माझं मत असं की काम दोन भागांत करावं. राहायला जाण्यापूर्वी वायरिंग, प्लंबिंग, बाथरूमचं वॉटरप्रूफिंग, स्वयंपाकघर आणि एक कपाट एवढं पूर्ण करा. भिंतींना पुट्टी, प्रायमर आणि साध्या रंगाचा हात पुरे. वॉल पॅनेल, वॉलपेपर, महागडा रंग आणि फॉल्स सीलिंग हे सगळं पावसाळ्यानंतर. दिवाळीच्या सुमारास भिंतींवर कुठे पोपडे धरले, कुठे डाग उमटले हे डोळ्यांना दिसतं. ते ठिकाण बाहेरून दुरुस्त करून घ्या, भिंत पूर्ण सुकू द्या, मग सजवा. आतून कितीही वॉटरप्रूफ पुट्टी चोपडली तरी बाहेरची भेग बुजत नाही, आणि बाहेरच्या भिंतीचं काम सोसायटीच्या अखत्यारीत येत असल्यामुळे त्यासाठी लेखी अर्ज द्यावा लागतो. तो वेळेत द्या.

जुन्या बाथरूमच्या लाद्या बदलणार असाल तर एक गोष्ट आवर्जून करून घ्या. वॉटरप्रूफिंग झाल्यावर, लाद्या बसवण्याआधी, तिथे किमान २४ तास, जमलं तर ४८ तास पाणी कोंडून ठेवायचं आणि खालच्या मजल्यावर जाऊन छत बघून यायचं. ठेकेदार घाई करेल. करू द्या.

सुतार की मॉड्युलर?

सुताराकडून करून घेतलं तर घराच्या वेड्यावाकड्या कोपऱ्यांत नेमकं बसतं. जुन्या इमारतीत कुठलीच भिंत काटकोनात नसते. बीम मध्येच खाली उतरलेला असतो, ड्रेनेजचा पाइप कोपऱ्यातून गेलेला असतो. तिथे सुताराचा हात चालतो, कारखान्यातून कापून आलेला चौकोनी डबा चालत नाही. शिवाय प्लाय तुमच्या डोळ्यांसमोर येतो, कापला जातो, त्यामुळे आत काय आहे ते कळतं. दहा वर्षांनी बिजागरी निखळली तर त्याच सुताराला, नाहीतर नाक्यावरच्या दुसऱ्या कुणाला बोलावता येतं.

तोटे म्हणजे वेळ आणि गोंगाट. घरात महिना-दोन महिने भुसा उडतो. बहुतेक सोसायट्या सकाळी नऊ-दहा ते संध्याकाळी सहा एवढीच वेळ देतात, रविवारी काम बंद. वर डिपॉझिट आणि राडारोडा उचलण्याचे पैसे. प्लायचे आठ बाय चार फुटांचे तक्ते अनेक लिफ्टमध्ये मावत नाहीत, मग जिन्याने चढवण्याची हमाली मजल्यागणिक वाढते. विसाव्या मजल्यावर राहत असाल तर हा आकडा आधीच विचारा.

मॉड्युलरची, म्हणजे कारखान्यात कापून तयार होऊन येणाऱ्या फर्निचरची, मोठी खूण म्हणजे कडेची पट्टी. मशीनवर गरम गोंदाने लावलेली पीव्हीसीची एज बँडिंग इतकी घट्ट बसते की कडेतून पाणी शिरायला वाव राहत नाही. आमच्या दमट हवेत बोर्ड फुगतो तो आधी कडेकडूनच, म्हणून ही गोष्ट मी फार महत्त्वाची मानतो. बसवायला आठवडाभरही लागत नाही. पण मॉड्युलरचं दर्शनी दार चकचकीत असतं आणि आतला सांगाडा कशाचा हे दाराकडे बघून कळत नाही. स्वस्त पॅकेजमध्ये तो बहुधा पार्टिकल बोर्डचा निघतो.

निवड सोपी आहे. नवी इमारत, सरळ भिंती आणि वेळ कमी असेल तर मॉड्युलर घ्या, मात्र सांगाडा कशाचा ते कोटेशनमध्ये लिहून घ्या. जुनी इमारत, तिरक्या भिंती आणि रोज कामावर नजर ठेवणारं कुणी घरात असेल तर सुतार. दोन्हीची सांगडही घालता येते: स्वयंपाकघराच्या ट्रॉल्या मॉड्युलर, बाकी कपाटं सुताराकडून. मध्यम बजेटच्या घरांना मला हाच मार्ग सगळ्यात समजूतदार वाटतो.

प्लाय, एमडीएफ, पार्टिकल बोर्ड, एचडीएचएमआर

इथे दुकानात सर्वाधिक गोंधळ उडतो, म्हणून थोडं थांबून बघू.

प्लायमध्ये मुख्य फरक गोंदाचा. एमआर प्लायमध्ये युरिया फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो. तो हवेतला दमटपणा झेलतो, साठलेलं पाणी झेलत नाही. बीडब्ल्यूआर आणि मरीन प्लायमध्ये फिनॉल फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो, त्याच्या थरांना उकळत्या पाण्याची परीक्षा द्यावी लागते. मरीन प्लायचं मानक आयएस ७१०. बाजारात लोक त्याला नुसतं ‘सातशे दहा’ म्हणतात. बेसिनखालचं कपाट, बाथरूमला लागून असलेली भिंत, गॅलरीतलं कपाट इथे सातशे दहाच वापरा. बेडरूमच्या आतल्या, कोरड्या भिंतीवरच्या कपाटाला चांगला एमआर किंवा बीडब्ल्यूआर पुरतो. घरभर सातशे दहा लावायचा आग्रह धरणारे असतात. तसं न करता वाचणारे पैसे बिजागऱ्या आणि चॅनेलमध्ये घालणं जास्त फायद्याचं.

तक्त्यावर आयएसआयचा शिक्का आणि परवाना क्रमांक असतो. भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर तो क्रमांक टाकला की परवाना कुणाचा आणि चालू आहे की नाही ते दिसतं. दुकानात उभ्या उभ्या दोन मिनिटांत होणारी ही तपासणी जरूर करा.

पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा भुसा आणि चुरा दाबून केलेला तक्ता. हलका, स्वस्त, आणि एकदा फुगला की पुन्हा मूळ आकारावर न येणारा. स्क्रू एकदा काढून त्याच भोकात पुन्हा बसवला तर पकड सुटते. भाड्याचं घर असेल, तीन-चार वर्षांचाच प्रश्न असेल तर चालेल. ओट्याखाली मात्र कधीच नको.

एमडीएफ म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला बोर्ड. तो गुळगुळीत असतो, त्यावर नक्षी कोरता येते, रंग छान बसतो. कोरड्या जागच्या दारांना ठीक. एचडीएचएमआर हा त्याच्यापेक्षा घट्ट आणि दमटपणाला जास्त टिकणारा बोर्ड. दारं सरळ राहतात, वाकत नाहीत, म्हणून स्वयंपाकघराच्या दारांना तो प्लायपेक्षाही बरा पडतो. पण तो जड असतो आणि लांब फळीसाठी प्लायइतका उपयोगी नाही. पुस्तकांचं कपाट करणार असाल तर १८ मिमीचा प्लाय, आणि दोन-अडीच फुटांवर मधला उभा आधार. तीन फुटी फळी आधाराशिवाय ठेवली की पुस्तकांच्या वजनाने काही वर्षांत मधोमध झुकते.

आणखी एक: कपाटाच्या आतून सनमायका लावायचा की नुसता रंग? आतूनही लायनर सनमायका लावा. एकाच बाजूने सनमायका असेल तर दमट हवेत तक्ता वाकू शकतो. बाहेरच्या भिंतीला कपाट अगदी चिकटवू नका, अर्धा-एक इंच हवा खेळू द्या.

स्वयंपाकघर

बजेट तोकडं असेल तर हॉलचं काम थांबवा, पण स्वयंपाकघरात काटकसर करू नका. घरातली माणसं रोज तासन्‌तास तिथे उभी असतात.

आधी उंची. ठेकेदार एक ठरलेली उंची लावून मोकळा होतो. ओट्यावर ज्यांचे हात सर्वात जास्त वेळ चालतात त्यांना उभं करा, कोपर काटकोनात वाकवायला सांगा, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा आणि त्यातून चार इंच वजा करा. पाच फूट उंचीच्या आईला चौतीस-पस्तीस इंचांचा ओटा दिला तर पोळ्या लाटताना खांदे वर चढतात, आणि साडेपाच फुटी सुनेला तीस इंचांचा दिला तर कंबर धरते. दोघीही स्वयंपाक करत असतील तर मधली उंची ठेवा. दगड बसल्यावर हे बदलत नाही.

आता ओट्याचा दगड. कडाप्पा सर्वात स्वस्त आणि मजबूत, पण काळा आणि खडबडीत. आतल्या फळ्यांना, बेसिनच्या आधाराला तो अजूनही उत्तम. ग्रॅनाइट आणि क्वार्ट्झ या दोघांत मात्र खरी स्पर्धा आहे. क्वार्ट्झ दिसायला देखणा, एकसारखा, पांढऱ्या रंगात मिळतो. तो कारखान्यात बनतो, दगडाच्या भुकटीत राळ मिसळून. ती राळ उष्णतेला नाजूक असते. उकळत्या तेलाची कढई थेट ठेवली तर डाग किंवा तडा जाऊ शकतो. आणि हळद! आपल्या स्वयंपाकात हळद रोज सांडणार. पांढऱ्या क्वार्ट्झवर ती लगेच पुसली नाही तर पिवळी छटा धरून बसते. ग्रॅनाइट नैसर्गिक दगड आहे, गरम भांडं सहन करतो, गडद रंगात डाग दिसत नाही. रोज फोडणी, आठवड्यातून मासे तळणं, सणाला पुरणपोळ्या असा स्वयंपाक असेल तर मी डोळे मिटून गडद ग्रॅनाइट सांगतो. घरात स्वयंपाक हलका असेल, पांढऱ्याची हौस असेल आणि पुसण्याची सवय असेल तर क्वार्ट्झ घ्या. मार्बल ओट्यावर नकोच. लिंबू, चिंच, कोकम यातलं आम्ल त्याला खातं आणि चमक जाते.

ट्रॉल्यांमध्ये स्टीलची जात बघा. २०२ आणि ३०४ असे दोन प्रकार विकले जातात. ३०४ मध्ये निकेल जास्त असतं, म्हणून समुद्राच्या खाऱ्या हवेत ते जास्त टिकतं. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो आणि ‘बघा, चिकटत नाही’ म्हणतो. साध्या लोहचुंबकाने या दोन जातींतला फरक कळत नाही, कारण दोन्ही त्याला जवळपास चिकटतच नाहीत. फरक दाखवते ती रसायनाच्या थेंबाची चाचणी. ती करून दाखवायला सांगा, आणि बिलावर ३०४ असं लिहून घ्या. दादर, माहीम, वर्सोवा, वरळी अशा समुद्राजवळच्या भागात राहत असाल तर यात तडजोड नको.

उघडं स्वयंपाकघर की बंद? भिंत काढल्यावर लहान घर मोठं वाटतं, आणि आत काम करणारी माणसं बाहेरच्या गप्पांपासून तुटत नाहीत. ही दुसरी गोष्ट मला फार मोलाची वाटते. पण बोंबील तळल्याचा वास पडद्यांत आणि सोफ्याच्या कापडात मुरतो. धूर थेट बाहेर सोडणारी चिमणी लावता येत असेल तरच उघडं करा. नुसती हवा गाळून परत आत सोडणारी चिमणी फोडणीपुढे पुरी पडत नाही.

भिंत पाडण्याआधी मात्र इमारत कशी बांधली आहे ते विचारा. गेल्या काही वर्षांतले बरेच टॉवर मिवान पद्धतीने, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात काँक्रीट ओतून बांधलेले आहेत. त्यात आतल्या बऱ्याच भिंती काँक्रीटच्याच असतात आणि इमारतीचा भार पेलतात. त्या पाडणं सोडाच, वायरसाठी खाच मारणंही धोक्याचं. अशा घरात वायरिंगचे जादा पॉइंट केसिंगमधून किंवा फर्निचरच्या मागून न्यावे लागतात. जुन्या इमारतीत विटांची भिंत असली तरी स्ट्रक्चरल इंजिनियरचा लेखी सल्ला आणि सोसायटीचं ना हरकत पत्र घेतल्याशिवाय हातोडा लावू नका. फ्लॉवर बेड किंवा गॅलरी आत घेऊन खोली वाढवायचा मोह टाळा. मंजूर नकाशाबाहेरचं बांधकाम पुढे घर विकताना किंवा महापालिकेची नोटीस आल्यावर महागात पडतं.

पाइप गॅसची नळी बंद कपाटात कोंडू नका, आणि ती हलवायची असेल तर गॅस कंपनीचाच माणूस बोलवा.

जमीन: जुन्या लाद्या ठेवायच्या, वरून बसवायच्या, की उखडायच्या?

गिरगाव, दादर, माटुंगा भागातल्या जुन्या घरांत मोझॅक किंवा रंगीत नक्षीच्या सिमेंटच्या लाद्या असतील तर आधी एका कोपऱ्यात पॉलिश मारून बघा. पन्नास वर्षांची काजळी निघाली की खालून जी जमीन वर येते ती आज विकत घ्यायला गेलात तर महाग पडेल. एखाद-दुसरी फुटली असेल तरी मार्ग आहे. १९२२ साली मुंबईत सुरू झालेली भारत फ्लोअरिंग्ज अजूनही हाताने अशा लाद्या बनवते.

लाद्या साध्याच असतील पण पक्क्या बसलेल्या असतील, तर त्यावर टाइल ॲडहेसिव्हने नव्या बसवता येतात. राडारोडा नाही, शेजाऱ्यांचा त्रास कमी. मात्र जमीन अर्धा-पाऊण इंच उंचावते, सगळी दारं खालून तासावी लागतात, बाथरूमचा उंबरा बदलतो, आणि स्लॅबवर भार वाढतो. फार जुन्या, दुरुस्तीला आलेल्या इमारतीत हे करू नका. ठोकून बघितल्यावर पोकळ आवाज येणाऱ्या लाद्यांवरही नको, तिथे उखडणं भाग आहे.

नव्या घ्यायच्या तर व्हिट्रिफाइड. त्या अर्ध्या टक्क्याहून कमी पाणी शोषतात, डाग धरत नाहीत, आणि मोरबीचा माल मुंबईत सगळीकडे मिळतो. चकचकीत घ्यायच्या की मॅट? हॉलच्या आत चकचकीत चालतील, पण दारापाशी, स्वयंपाकघरात आणि गॅलरीत मॅट. पावसाळ्यात ओल्या पायांनी आत येणाऱ्या आजी-आजोबांचा विचार करून हा निर्णय घ्या. लाकडी लॅमिनेट फ्लोअरिंग दिसतं सुंदर, पण त्याचा गाभा दाबलेल्या भुशाचा. एसीचं पाणी ठिबकलं, वॉशिंग मशीनची नळी सुटली की सांध्यांतून फुगतो. लाकडाचाच भास हवा असेल तर एसपीसी विनाइल (दगडाची भुकटी आणि प्लास्टिकच्या गाभ्याच्या फळ्या) घ्या किंवा लाकडी पोताची टाइल.

छत, दिवे, रंग

फॉल्स सीलिंगबाबत माझा कल नकाराकडे आहे. आपल्या घरांची उंची बहुधा नऊ-साडेनऊ फूट. पूर्ण छत सहा इंच खाली आणलं की पंख्याची पाती माणसाच्या जवळ येतात, खोली कोंदट वाटते, आणि वरच्या बाथरूममधून गळती सुरू झाली तर ती उशिरा कळते. भिंतीलगतची नुसती कड केली तर वायरी लपतात, पडद्याचा रॉड लपतो, दिवे बसतात आणि मधली उंची शाबूत राहते. पंखा कुठल्याही परिस्थितीत मूळ स्लॅबच्या हुकालाच टांगा. जिप्सम की पीओपी हा फरक त्यामानाने लहान आहे: जिप्सम लवकर होतं आणि कमी घाण करतं, पीओपीत गोलाई आणि नक्षी चांगली येते, पाण्याने दोन्ही खराब होतात.

दिव्यांत पांढराशुभ्र ६५०० केल्विनचा प्रकाश घरभर लावण्याची पद्धत पडली आहे (केल्विनचा आकडा जितका कमी, तितका प्रकाश पिवळसर). त्यात जेवणाचं ताट फिकट दिसतं आणि रात्री डोळ्यांना शीण येतो. हॉल आणि बेडरूमला २७०० ते ३००० केल्विन, ओट्यावर आणि अभ्यासाच्या टेबलावर ४००० पुरेत. दिवे लोहार चाळीत घेतलेत तर भाव बरा मिळतो. डब्यावर केल्विनबरोबर सीआरआयचा, म्हणजे प्रकाशात रंग किती खरे दिसतात त्याचा, आकडाही वाचा. तो नव्वदच्या आसपास असेल तर साडीचा आणि भाजीचा रंग आहे तसाच दिसतो.

रंगात डिस्टेंपर स्वस्त, पण ओल्या फडक्याने पुसला की उतरतो. ॲक्रिलिक इमल्शन धुता येतं, लहान मुलांच्या घरात तेच घ्या. नमुन्याच्या चिठ्ठीवरून रंग पक्का करू नका. भिंतीवर दोन फूट बाय दोन फूट पट्टा मारा, सकाळी आणि रात्री बघा.

बेडरूम: सरकतं दार की उघडणारं?

दहा फुटांच्या खोलीत दोन फूट कपाट आणि उशाकडच्या लाकडासकट साडेसहा फूट पलंग गेला की मध्ये दीड फूट उरतो. दीड फुटी दार पूर्ण उघडलं की ते पलंगाला टेकतं आणि माणसाला उभं राहायला जागा नसते. इथे सरकतं दार घ्या, त्याच्या चॅनेलसाठी कपाटाची खोली तीन-चार इंच जास्त धरा. मध्ये अडीच फूट मिळत असतील तर उघडणारं दार केव्हाही बरं: सगळं कपाट एका नजरेत दिसतं, मार्गात धूळ साठत नाही, बिजागरी बदलणं सोपं.

पलंगाखाली ड्रॉवर हवेत तर बाजूला निदान दीड-दोन फूट मोकळे हवेत. नसतील तर वर उचलून उघडणारा हायड्रॉलिक पलंग. गाद्या, गोधड्या ठेवणार असाल तर फळीला भोकं पाडून घ्या आणि पावसाळ्यात ऊन पडलं की तो उघडा ठेवा.

हॉल: पक्कं फर्निचर की हलवता येणारं?

भिंतीत ठोकलेलं टीव्ही युनिट, बांधीव बैठक, काचेचं शोकेस. छायाचित्रात हे छान दिसतं. पण ज्या घरात गणपती बसतो तिथे मखराला जागा, आरतीला उभं राहायला जागा आणि जेवणाच्या पंगतीला जागा या एकाच खोलीतून काढायची असते. रात्री तिथेच पाहुण्यांच्या गाद्या पडतात. म्हणून टीव्हीचं एक अरुंद युनिट भिंतीवर आणि बाकी सगळं हलवता येणारं ठेवा. एल आकाराचा अवजड सोफा घेण्यापेक्षा तीन जणांचा सोफा आणि दोन सुट्या खुर्च्या घ्या. सोफा घेण्याआधी लिफ्टचं दार, जिन्याचं वळण आणि घराचा दरवाजा, तिन्ही मोजा.

सोफ्याचं कापड की रेक्झिन? दमट उन्हाळ्यात रेक्झिन अंगाला चिकटतं आणि काही वर्षांत त्याचे पोपडे निघू लागतात. काढून धुता येईल असं कापड घ्या.

जुनं लाकूड आवडत असेल तर चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर किंवा घरच्याच माळ्यावर बघा. आजोबांच्या सागवानी कपाटाला पॉलिश करून वापरलं तर ते नव्या प्लायपेक्षा जास्त टिकेल. फक्त आणण्याआधी भुंगा लागलाय का ते तपासा, बारीक भोकांतून पीठ गळत असेल तर औषध मारल्याशिवाय घरात घेऊ नका.

कोटेशन आणि वेळ

तीन जणांकडून कोटेशन आणलं तरी तुलना होत नाही, कारण प्रत्येकाने वेगळं काही धरलेलं असतं. कुणी कपाट दर्शनी चौरस फुटांत मोजतो, कुणी ओटा रनिंग फुटांत. कुणी बिजागऱ्या धरतो, कुणी वेगळ्या लावतो. म्हणून यादी तुम्ही करा: प्लायचा ग्रेड आणि जाडी, सनमायकाची जाडी, आतलं लायनर, चॅनेल आणि बिजागरीचा ब्रँड, हमाली, राडारोडा, आणि जीएसटी धरलेला आहे की नाही. १८ टक्के शेवटी वरून लागले की स्वस्त वाटलेलं कोटेशन महाग निघतं. हीच यादी तिघांना द्या. नुसत्या मजुरीवर काम दिलंत तर माल आणायची धावपळ तुमची, पण प्लाय तुमच्या पसंतीचा. नोकरी सांभाळून रोज दुकानात जाणं जमणार नसेल तर मालासकट द्या, मात्र माल घरात येईल त्या दिवशी शिक्के तपासायला हजर राहा.

पैसे टप्प्याटप्प्याने द्या आणि निदान दहा टक्के शेवटपर्यंत हातात ठेवा. राहिलेली दारं घासतात, ड्रॉवर अडकतात, ते पैसे बाकी असले की दुरुस्त होतं.

कामाला सुरुवात कधी करायची यात दोन हंगाम येतात. फेब्रुवारीत सुरू केलं तर रंगाचं काम मेपर्यंत, कोरड्या हवेत उरकतं. पण एप्रिल-मेमध्ये बरेच कारागीर गावी जातात, म्हणून सुतारकाम मार्चअखेर संपेल असं बघा. गणपतीच्या आधी पूर्ण करायचा हट्ट धरला तर काम नेमकं जुलै-ऑगस्टमध्ये येतं. पुट्टी सुकत नाही, पॉलिश पांढरं पडतं, प्लाय ओलाव्यातून वर चढतो. त्यापेक्षा यंदाचा गणपती साध्या भिंतींच्या घरात बसवा, पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरमध्ये रंगारी बोलवा, आणि त्याला भिंतीवरचे ओलीचे डाग आधी दाखवा.